मुलीकडची मंडळी

बातमी आली तेव्हा भिंगरी एका आजोबांच्या नाकावर चाचणीची जड चौकट बसवून त्यांना समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावत होती. "आता बरं दिसतं, की मघाशी बरं दिसत होतं?" हा प्रश्न ती दिवसभर इतक्या जणांना विचारायची, की घरी भाजी वाढतानाही तिच्या तोंडून तोच निघायचा. चष्म्याचं दुकान तिचं आणि तिच्या नवऱ्याचं. ती पुढे बसून नंबर काढायची, तो मागच्या खोलीत काचा घासून चौकटीत बसवायचा.

फोन वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजला. शिडीचा होता. शिडी म्हणजे तिची बोर्डिंगमधली मैत्रीण. उंचीवरून पडलेलं नाव वयाच्या चाळिशीपर्यंत तिला चिकटून राहिलं होतं. आता ती शहरातली बस चालवायची, आणि कामाच्या वेळी तिचा फोन कधी यायचा नाही. भिंगरीनं घाईघाईनं फोन उचलला.

"काय गं, सगळं ठीक ना?"

"हातातलं सगळं आधी खाली ठेव," शिडी म्हणाली. "शिट्टीचं लग्न ठरलंय."

"कुठल्या शिट्टीचं?"

"कुठल्या काय? आपल्या! रेक्टरबाईंचं! आज माझ्या बसमध्ये चढल्या. सोबत एक गृहस्थ. बुटके, गोल, डोक्यावर औषधाला केस नाही. बाईंची पिशवी त्यांच्या हातात. आरशात बघते तर काय, बाई हसताहेत. खदाखदा! दात दिसत होते, भिंगरे, दात! आपण इतकी वर्षं त्यांच्याजवळ काढली, तू कधी त्यांचे दात पाहिलेस? मी एक थांबा सरळ सोडून पुढे गेले. मागून लोकांनी बोंब ठोकली."

"मग?"

"मग शेवटच्या थांब्यावर मी उतरून दारात आडवी उभी राहिले. बाईंनी मला नखशिखांत पाहिलं, आधी शर्टाचं वरचं बटण लावायला लावलं, आणि मग म्हणाल्या, पुढच्या शुक्रवारी सकाळी नोंदणी कार्यालयात आम्ही सह्या करणार आहोत. कोणाला सांगू नकोस."

"आणि तू काय केलंस?"

"काय करणार? तू सातवी."

भिंगरी अशी काही किंचाळली, की आजोबांनी घाबरून चौकट काढली आणि नवरा हातातली काच तशीच धरून मागून धावत आला. "काय झालं? कोण गेलं?"

"कोणी गेलं नाही! लग्न आहे! आमच्या रेक्टरबाईंचं!"

"त्या तर साठीच्या पुढच्या ना?"

"बासष्ट!" भिंगरी असं म्हणाली, जणू बाईंना परीक्षेत तेवढे गुण मिळाले होते.

आजोबांनी डोळे मिचकावले. "छान. मुलगा काय करतो?"

आणि भिंगरीची गाडी एकदम अडली. मुलगा काय करतो, हे कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवशी तिनं आणखी किती जणांचे नंबर काढले ते तिचं तिलाच माहीत. डोकं ठिकाणावर नव्हतं. ते गेलं होतं त्या लांबलचक खोलीत, जिथे लोखंडी खाटांच्या दोन रांगा होत्या आणि दर खाटेपाशी एक छोटं कपाट. बाबा जहाजावर, आई आजारपणातून उठत नव्हती, म्हणून आत्यानं तिला तिथे आणून सोडलं तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पहिल्या दिवशी आत्या वळली आणि भिंगरी जी पळत सुटली ती व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि परत, आणि पुन्हा. बसलं की रडू येईल, एवढं तिला नक्की कळत होतं. तेव्हा कानठळ्या बसवणारी शिट्टी वाजली. समोर एक उंच, सडपातळ, तरुणच बाई. गळ्यात काळ्या दोरीला शिट्टी.

"ही भिंगरी कोणी सोडली इथे?"

झालं. खरं नाव हजेरीपुरतं उरलं.

रेक्टरबाईंचं सगळंच शिट्टीवर चालायचं. उठायची एक, दात घासायची दुसरी, दिवे मालवायची तिसरी, लांबलचक. मुली पाठीमागे त्यांना शिट्टीच म्हणायच्या. चादरीचे कोपरे दुमडलेले हवेत, बुटांच्या नाड्या आत खोचलेल्या हव्यात, केसांत कोंडा नको, नखांत माती नको. उशीखाली बिस्किटं लपवलेली त्यांना न उचलता कळायची. "मुंग्या माझ्याशी खोटं बोलत नाहीत," असं त्या म्हणायच्या आणि सरळ त्या खाटेशी जाऊन हात पुढे करायच्या. बिस्किटं त्यांच्या टेबलाच्या खणात जायची आणि महिनाअखेर सगळ्यांना वाटली जायची, तोवर ती मऊ पडलेली असायची. मऊ बिस्किटाचा वास आला की भिंगरीला आजही पाठ ताठ करावीशी वाटे.

अशा बाईचं लग्न! संध्याकाळी दुकानाचं शटर ओढता ओढता भिंगरीनं वकिलाला फोन लावला. वकील म्हणजे तिघींतली तिसरी. बोर्डिंगमध्ये प्रत्येक शिक्षेविरुद्ध ती अशी भांडायची की बाईंनीच तिला हे नाव दिलं. पुढे मात्र ती गुरांची डॉक्टर झाली.

"मला शिडीनं सांगितलं," वकील म्हणाली. "मी पहिली."

"मग गप्प काय बसलीस? माणूस कोण, कुठला, काही चौकशी?"

"तेच म्हणतेय. कोणीतरी मुलगा बघून यायला हवा."

"कोणीतरी म्हणजे?"

"म्हणजे आपण. रविवारी. न कळवता. बाई कपाटं तपासायच्या तसं."

रविवारी सकाळी तिघी निघाल्या. भिंगरीनं सणासमारंभाला घालायचा ड्रेस घातला होता, शिडीनं बुटांना पॉलिश केलं होतं, आणि वकिलाच्या कुडत्यावर नेहमीप्रमाणे कोणा कुत्र्याचे केस होते. पत्ता शोधणं सोपं गेलं. ते गृहस्थ बसमध्ये चढले त्या थांब्यासमोर सार्वजनिक जलतरण तलाव होता. दारावरच्या रखवालदाराला शिडीनं वर्णन सांगितलं, बुटके, गोल, टक्कल. तो म्हणाला, "मास्तर? ते काय, मागच्या चाळीत, खालचं शेवटचं दार. तीस वर्षं इथे पोहायला शिकवलं त्यांनी. मलाही त्यांनीच शिकवलं."

तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. "पोहायला?" वकील पुटपुटली.

दार उघडणाऱ्या माणसाच्या हाताला साबणाचा फेस होता. त्यानं आधी वर पाहिलं, मग मध्ये, मग खाली, आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिघींनी घोकून आणलेलं पहिलं वाक्य घशातच राहिलं.

"थांबा, थांबा, सांगू नका! तुम्ही शिडी. हे कुत्र्याचे केस म्हणजे वकील. आणि जिचा एक पाय अजून हलतोय, ती भिंगरी. या, या! चप्पल राहू द्या. नको, काढा. नाही, राहू द्या. मी जरा घाबरलोय."

"तुम्हाला आमची नावं कशी ठाऊक?" भिंगरीनं विचारलं.

"म्हणजे काय? ती दुसरं बोलतेच कुठे!"

तिघी आत जाऊन बसल्या. म्हणजे दोघी बसल्या. भिंगरी खिडकीपाशी उभी राहिली. बाई त्यांच्याबद्दल बोलतात, हे पचायलाच थोडा वेळ लागला. मास्तर स्वयंपाकघरात चहा टाकायला गेले तेवढ्यात शिडीनं कपाट उघडून पाहिलं. कपडे घड्या घालून ठेवलेले होते. वकिलानं खाटेखाली वाकून पाहिलं. धूळ नव्हती, एक हातोडी होती.

"हातोडी का?" मास्तर कपबशा घेऊन आले तसं तिनं विचारलं, खाटेखालून डोकं बाहेर न काढताच.

"ती सापडली का? चार महिने शोधतोय!"

चौकशी रीतसर झाली. दारू? नाही. सिगारेट? तरुणपणी, एकदा, खोकला आला. आधीचं लग्न? झालेलं; बायको जाऊन बरीच वर्षं लोटली. मुलगा दूरदेशी असतो, त्यानं बातमी ऐकून फोनवरच नाच केला आणि नवा शर्ट घेण्याचा हुकूम सोडला. राग येतो का? येतो, पण टिकत नाही. घोरता का?

"हे मला कसं कळणार?" मास्तर काकुळतीनं म्हणाले.

शिडीला हसू आवरेना. "पास, जावईबापू!" ती म्हणून गेली, आणि मग स्वतःच जीभ चावली. पण मास्तर एवढे खूष झाले की त्यांनी सगळ्यांना पुन्हा चहा ओतला. कप अजून भरलेलेच होते.

"पण बाई तुम्हाला भेटल्या कुठे?" भिंगरीनं विचारलं.

"तलावात. मागच्या वर्षी शिकायला आली. साठीनंतरच्यांचा वर्ग घेतो मी, निवृत्त झाल्यावरही. पहिल्या दिवशी कठड्याला अशी धरून उभी, की बोटं पांढरी पडलेली. म्हटलं, भीती वाटत असेल तर उद्या या. तर मलाच झापलं."

"बाई पाण्यात?" तिघी एकदम ओरडल्या.

ओरडण्यासारखंच होतं ते. शाळेच्या मागे एक तळं होतं, स्वच्छ, निळं, कडेला सपाट दगड. उन्हाळ्यात तर ते मुलींना नुसतं हाका मारायचं. पण त्या तळ्यात पायाचं बोट बुडवायचीसुद्धा बंदी. एकदा वकिलानं भर जेवणघरात उभं राहून बाईंना विचारलं होतं, की इतर बोर्डिंगांतल्या मुली पोहतात, मग आम्ही काय मिठाच्या आहोत? त्यावर तिला आठवडाभर ताटं पुसायला लागली. शिट्टीला कोणाचं सुख बघवत नाही, असं सगळ्यांचं ठाम मत होतं. अगदी कालपरवापर्यंत होतं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. "मीही विचारलं तिला, या वयात पोहायचं का सुचलं? म्हणाली, नोकरी होती तोवर वेळ मिळाला नाही. शंभर मुली, मागे तळं, आणि मला पोहता येत नाही. एक जरी बुडायला लागली असती तर मी काठावर उभी राहून शिट्टी वाजवणार होते का? निवृत्त झाले, तरी स्वप्नात ते तळं यायचं. म्हणून आले. आता येतं तिला. चांगलं येतं. पाठीवर तर काय सुरेख पोहते!"

वकिलानं कुडत्यावरचे केस एकेक करून वेचायला घेतले.

"साक्षीदारांच्या सह्या कोण करणार आहे?" वेचता वेचता तिनं विचारलं, कामाच्या आवाजात.

"माझ्या बाजूनं माझी बहीण आणि मेहुणे. तिच्या बाजूनं तिचा भाऊ करणार होता. पण त्यानं आता नाही म्हटलंय. या वयात लोक काय म्हणतील, वगैरे. ती म्हणाली, काही बिघडत नाही, कार्यालयातला शिपाई करेल सही." मास्तरांनी टकलावरून हात फिरवला. "ती म्हणते काही बिघडत नाही. पण त्या दिवशी तलावावर आली नाही."

भिंगरी खिडकीपासून हलली आणि पहिल्यांदा खुर्चीत बसली. तिला आठवत होता महिन्यातला तो भेटीचा रविवार. सकाळपासून फाटकातून आया-बाप-मामा-मावश्या यायच्या, डबे उघडायचे, मैदानभर चादरी पसरायच्या. भिंगरीकडे कोणी यायचं नाही. बाबा समुद्रात, आई दवाखान्यात, आत्याला तिचीच चार पोरं. पण भिंगरी एकदाही फाटकाकडे डोळे लावून बसली नव्हती, कारण त्या दिवशी तिला श्वास घ्यायला फुरसत नसे. बाई तिच्या आणि आणखी काही मुलींच्या छातीवर लाल फीत टाचायच्या आणि सांगायच्या, आज तुम्ही यजमान. पाहुण्यांना पाणी द्या, मुलींच्या खोल्या दाखवा, म्हाताऱ्यांना खुर्च्या आणा. लाल फीतवाल्या मुली मिरवायच्या. बाकीच्या त्यांच्यावर जळायच्या! ज्या मुलींकडे कोणी येत नाही नेमकी त्यांनाच फीत मिळते, हे भिंगरीला कळलं ते थेट तिला स्वतःला मुलगी झाल्यावर, एका दुपारी, त्या मुलीची वेणी घालता घालता. आणि त्या मुलींबरोबर दिवसभर मैदानात असायच्या बाई. त्यांच्याकडेही कधी कोणी आलं नव्हतं.

"शिपाई कशाला?" भिंगरी म्हणाली. "आम्ही आहोत की. मुलीकडची मंडळी."

"किती जणी?" मास्तरांनी आशेनं विचारलं.

"ते बघू," शिडी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत तीच चमक होती जी पूर्वी जेवणघरातून गूळ पळवण्याआधी असायची.

निघताना मास्तर दारात घुटमळले. "एक विचारू? तिला काय आवडतं?"

"म्हणजे?"

"म्हणजे, मला तिला काहीतरी द्यायचंय. काय हवं विचारलं तर म्हणते, काही नको. काय खाणार, तर जे असेल ते. मला तुमच्यापैकी कोणाला गोवर आला आणि कोणाला गणित यायचं नाही हे सगळं पाठ आहे. पण तिला काय आवडतं, ते ती बोलतच नाही. तुम्ही इतकी वर्षं जवळ होतात."

बाईंना काय आवडत नाही ते तिघीही झोपेत सांगू शकल्या असत्या. ओले टॉवेल, कुजबुज, शाईचे डाग, उघडे नळ, 'माहीत नाही' हे उत्तर. पण आवडतं काय?

"माहीत नाही," वकील शेवटी म्हणाली.

परत येताना बसमध्ये तिघींची अशी चिडचिड झाली की बोलता सोय नाही. आठ-नऊ वर्षं! ज्या बाईनं आपल्या उवा काढल्या, तिचा आवडता रंग आपल्याला ठाऊक नसावा? भिंगरीनं तिथेच फोन काढला आणि बोर्डिंगच्या जुन्या मुलींच्या गटावर लिहिलं: 'शिट्टीचं लग्न. शुक्रवारी. बाईंना काय आवडतं ते ज्या कोणाला ठाऊक असेल तिनं ताबडतोब कळवा.'

ती घरी पोचेपर्यंत फोन तापला होता. एक म्हणाली, बाईंना फुटबॉल आवडायचा. देखरेखीच्या नावाखाली गोलच्या मागे उभ्या राहायच्या आणि गोल झाला की पाय झाडायच्या. दुसरी म्हणाली, पाय झाडायच्या कारण मुंग्या चढायच्या. तिसरीला खात्री होती की त्यांना अत्तर आवडायचं. यावरून दोघींचं जुनं भांडण उकरून निघालं. एक जण परदेशातून रडका आवाज पाठवत होती, एकीचं तर आपलं मुळी वेगळंच चाललं होतं, की लग्नाला काय घालायचं. भिंगरीच्या नवऱ्यानं त्या दिवशी स्वयंपाक केला, मुलीला झोपवलं आणि दिवा मालवायची वेळ आली तरी ही आपली फोन हातात धरून घरभर फिरतेच आहे.

आणि मग एकीनं, जी त्यांच्या पुढच्या तुकडीत होती आणि आता विमानतळावर सामान तपासायची, सहज म्हणून लिहिलं: 'माझ्याकडून बाईंनी रहस्यकथा जप्त केली होती. काळ्या कोटातल्या गुप्तहेराची, दुसरा भाग. अजून परत दिली नाही.'

'माझ्याकडून पहिला भाग जप्त केला होता,' एकीनं लिहिलं. 'तुझ्या आधी आठवडाभर.'

'आणि त्यानंतर लगेच सगळ्यांची कपाटं तपासली, आठवतं? माझ्याकडे तिसरा सापडला.'

भिंगरी चालता चालता थांबली. ती मालिका तेव्हा मुलींना वेड लावून होती. एकेक भाग हातोहात फिरायचा. आणि कपाटांवरच्या त्या धाडी! कधी मध्येच, कारण नसताना, शिट्टी वाजायची आणि बाई एका टोकापासून कपाटं उघडत यायच्या. बिस्किटांकडे त्या दिवशी ढुंकून बघायच्या नाहीत. सातवा भाग जप्त झाला की आठव्यासाठी धाड. आठवा सापडला की चार दिवस शांतता.

"अगं बाई!" भिंगरी एकटीच ओरडली. "त्या वाचत होत्या!"

गटावर एकच हलकल्लोळ झाला. ज्या मुलींनी धाडींना घाबरून पुस्तकं पाण्याच्या टाकीमागे लपवली होती त्या हसून हसून बेजार झाल्या. मग कोणीतरी विचारलं, शेवटचा भाग जप्त झाला होता का? झाला नव्हता. तो येईपर्यंत ती तुकडी शाळा सोडून गेली होती, आणि नंतरच्या मुलींना दुसरंच काही आवडू लागलं होतं.

म्हणजे बाईंना शेवट ठाऊकच नव्हता.

पुढचे दिवस नुसती धावपळ. सगळी मालिका गोळा करायची, पहिल्यापासून शेवटपर्यंत, असं ठरलं. माळे उपसले गेले, जुन्या पुस्तकांची दुकानं पालथी घातली गेली. शिडी आपल्या मार्गावरच्या प्रत्येक रद्दीवाल्याला खिडकीतून ओरडून विचारायची. भिंगरी गिऱ्हाइकाला पाटीवरची अक्षरं वाचायला लावून मध्येच विचारायची, "तुमच्याकडे हो रहस्यकथा असतील का?" मधल्या वेळात तिनं मास्तरांना दुकानात बोलावून त्यांचा नंबरही काढला, त्यांच्या चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली तिनं रविवारीच हेरली होती. सगळे भाग जमले, शेवटचा मात्र कुठे मिळेना. तो मिळाला अगदी गुरुवारी, वकिलाच्या दवाखान्यात, एका आजारी पोपटाच्या मालकिणीकडे. ती द्यायला तयार नव्हती. वकिलानं तिच्याशी जुन्या सवयीनं तासभर वाद घातला आणि पुस्तक घेऊनच बाहेर पडली. पोपटही बरा झाला.

शुक्रवारी सकाळी नोंदणी कार्यालयाच्या जिन्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. विशीतल्या मुलींपासून पन्नाशीच्या बायकांपर्यंत सगळ्या आल्या होत्या; कोणी कडेवर मूल घेऊन, कोणी कामावरच्या गणवेशात, एक तर थेट रात्रपाळीहून. मोठ्या एकमेकींच्या गळ्यात पडत होत्या, धाकट्या मोठ्यांना विचारत होत्या, तुमच्या वेळी पण ते मुंग्यांचं वाक्य होतं का? तेवढ्यात रिक्षा थांबली. आधी मास्तर उतरले, नव्या शर्टात. मग बाई. पांढरे झालेले केस नीट बांधलेले, निळी साडी, गळ्यात आज काही नाही.

त्यांनी मान वर करून जिन्याकडे पाहिलं. सगळा कलकलाट बंद. बाईंनी फक्त भुवया उंचावल्या, आणि काय सांगावं, त्या सगळ्या बाया, आया, डॉक्टरणी आपोआप उंचीप्रमाणे रांगेत उभ्या राहिल्या. शिडी निमूट सगळ्यांच्या मागे गेली.

"शिडी."

"हो बाई."

"मी तुला काय सांगितलं होतं?"

"कोणाला सांगू नकोस, म्हणून."

"मग?"

"बाई, मी एका वेळी एकीलाच सांगितलं."

बाईंचे ओठ घट्ट मिटले. मग थरथरले. मग भिंगरीनं आपल्या डोळ्यांनी पाहिलं. दात! जिन्यावर असा काही आरडाओरडा झाला की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या आणि कोणीतरी विचारलं, आग लागली का?

आतल्या खोलीत दहा माणसं मावली असती. चाळीसेक शिरल्या, बाकीच्या खिडक्यांना लटकल्या. कारकून बिचारा रजिस्टर छातीशी धरून बसला होता. "या सगळ्या मुलीकडच्या?" त्यानं विचारलं.

"सगळ्या," मास्तर अभिमानानं म्हणाले.

सह्यांसाठी भिंगरी आणि वकील पुढे झाल्या. कारकुनानं लेखणी सरसावली. "वधूशी नातं काय लिहू? मुलगी? भाची?"

खिडकीतून पाच-सहा सूचना आल्या. बाईंनी हात वर केला, सगळं शांत.

"विद्यार्थिनी लिहा," त्या म्हणाल्या. "'र्थि' ऱ्हस्व."

कारकुनानं आधी दीर्घ लिहिला होता. त्यानं खोडून दुरुस्त केला.

मास्तर सहीला वाकले तेव्हा नवा चष्मा नाकावर सरळ करून त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं. "आता नीट दिसतंय," ते म्हणाले.

"मग नीट बघून घ्या आणि सही करा. पुन्हा तक्रार ऐकणार नाही."

त्यांनी सही केली. बाईंनी केली, एकेक अक्षर वळणदार. खाली भिंगरी आणि वकिलानं आपापल्या सह्या ठोकल्या. तेवढ्यात बाईंच्या पर्समधला फोन वाजला. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. भिंगरी शेजारीच होती. तिला 'दादा' हा शब्द दिसला. बाईंनी क्षणभर विचार केला आणि फोन उचलला.

"हो, झालं आत्ताच. नाही, रागावले नाहीये. नंतर बोलते मी." त्यांनी त्या गच्च खोलीवरून नजर फिरवली. "आत्ता माझ्याकडे माणसं आली आहेत."

भिंगरीला जवळ रुमाल नव्हता. तिनं वकिलाच्या ओढणीला डोळे पुसले आणि नाकात कुत्र्याचा केस गेला.

मग ती जड पेटी पुढे आली. मास्तर आणि शिडी दोघांनी मिळून ती टेबलावर ठेवली. बाईंनी झाकण उघडलं, वरचं पुस्तक उचललं, काळ्या कोटातल्या माणसाचं फिकट झालेलं चित्र पाहिलं, आणि त्यांचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. बासष्ट वर्षांची बाई अशी लाजू शकते, हे कोणाला खरं वाटलं नसतं.

"हे सगळं," बाई शक्य तेवढ्या करड्या आवाजात म्हणाल्या, "मी जप्त करते आहे."

त्यानंतर काय झालं ते कोणालाच धड सांगता येत नाही. कोणी ओरडलं, कोणी रडलं, एकीनं कारकुनालाच मिठी मारली. त्या गदारोळात बाई भिंगरीच्या कानाशी वाकल्या. "शेवटचा भाग आहे?"

"आहे, बाई."

"खुनी कोण ते सांगू नकोस. आणि यांनाही सांगू नकोस, यांच्या पोटात काही राहत नाही."

भिंगरी दुकानात परतली तेव्हा तिचा घसा पार बसला होता. ओरडून ओरडून आवाजाचं नुसतं खरखरणं उरलं होतं. नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं लग्न?" तिनं तोंड उघडलं, काही उमटलं नाही, म्हणून तिनं दोन्ही हात पसरून दाखवलं, एवढं. मग पाटीवरच्या अक्षरांकडे बोट दाखवत, भुवया उडवत, कारकुनाची नक्कल करत तिनं सगळं सांगायला सुरुवात केली. दारात आलेलं गिऱ्हाईक खुर्चीवर टेकलं आणि बघत राहिलं. त्याला काही कळत नव्हतं, पण उठायचं नावही ते घेईना.